सायकलपटूंचं पोट कशावर भरतं, रेस जिंकून की जर्सी घालून?

छप्पनचा_पोहा

नमस्कार मंडळी,

रविवारी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर राइड झाली आणि छप्पन दुकानला पोहे खाताना आमच्या ग्रुपात जुंपली. तिथे निकाल लागला नाही म्हणून इथे धागा काढतोय.

टूर दि फ्रान्सच्या विजेत्याला ५ लाख युरो मिळतात, म्हणजे ढोबळमानाने पाच कोटी रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण त्या रेसची सगळ्यांची सगळी बक्षिसं एकत्र केली तरी २३ लाख युरोंच्या आसपास जातात, म्हणजे २३ कोटी. इकडे २०२४च्या लिलावात एकट्या ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले! तीन आठवडे, तीन हजार तीनशे-चारशे किलोमीटर, आल्प्स, पिरेनीज, ऊन-पाऊस आणि पावणेदोनशेच्या वर रायडर. त्या सगळ्यांना मिळून आपल्या एका विकेटकीपरएवढेही नाहीत.

बरं, तिकीट नाही. लोक रस्त्याच्या कडेला फुकट उभे राहतात. मग त्या झकपक बसा, दहा-बारा लाखांची एकेक सायकल, आचारी, डॉक्टर हे सगळं चालतं कशावर?

विचारायचं कारण घरचंच आहे. भाचा पंधरा वर्षांचा. सिमरोल घाटात आम्हा सगळ्या काकालोकांना धुऊन काढतो. ताईने विचारलं, "यात पैसा आहे का रे, की नुसतीच हौस?" मला धड सांगता येईना. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मालवी_मिरची

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. छप्पनचं नाव काढलंच आहे तर कोणत्या दुकानाचे पोहे तेही सांगा, म्हणजे धागा शंभरी गाठेल.

---

चेनलूब

पोहेसाहेब, पहिली गोष्ट, ते ५ लाख युरो विजेत्याच्या खिशात जातच नाहीत.

टूरच्या अख्ख्या तीन आठवड्यांत टीमने जे काही मिळवलं ते एका डब्यात जमा होतं. त्यातून टीमच्या आठही रायडरना वाटा मिळतो, आणि बहुतेक टीममध्ये मेकॅनिक, मालिशवाले, बस चालवणारे यांनाही. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला येऊन टूर, जिंकणारा आपला वाटा सोडून देतो अशी जुनी रीत आहे. कारण सरळ आहे. बाकीचे सात जण त्याच्यासाठी वारा कापतात, बाटल्या आणतात, पंक्चर झालं तर आपलं चाक काढून देतात.

आता बाकीचे दर बघा. एक स्टेज, म्हणजे एका दिवसाचा टप्पा, जिंकलात, ११ हजार युरो. आठांत वाटले तर माणशी हजार-दीड हजार, तेही कर आणि कपातीच्या आधी. पिवळी जर्सी एक दिवस अंगावर राहिली तर ५०० युरो. पॅरिसमध्ये हिरवी जर्सी (गुणांची) जिंकली तर २५ हजार, ठिपक्यांचीही (घाट चढणाऱ्यांची) तेवढीच. चौथ्या दर्जाच्या छोट्या टेकडीवर पहिला पोचलात तर २०० युरो. शंभरावा येणाऱ्यालाही हजार युरो मिळतात, म्हणजे तीन आठवडे मरमर करून एक लाख रुपये.

बक्षीस ही चहापाण्याची रक्कम समजा. कोणाचंही घर त्यावर चालत नाही.

---

मालवी_मिरची

पिवळी जर्सी घातली की दिवसाला ५० हजार! सराफ्यात अख्ख्या टीमला भुट्ट्याचा कीस, गराडू, रबडी खिलवून वर पेट्रोलचे पैसे उरतील भिया. आणखी काय पाहिजे आयुष्यात.

---

हिशेबनीस

चेनलूब यांच्याशी सहमत. उरलेली अर्धी बाजू मी मांडतो, व्यवसायाने सीए असल्यामुळे हात शिवशिवतायत.

सायकलपटू हा पगारदार माणूस आहे. टीमशी एक, दोन, तीन वर्षांचा करार आणि महिन्याला पगार. वरच्या श्रेणीला वर्ल्डटूर म्हणतात, तिथे १८ टीम. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, किमान वेतन ठरवलेलं आहे. २०२३ साली ते वर्षाला ४० हजार युरोंच्या थोडं वर होतं, नवख्यांसाठी ३२ हजारांच्या आसपास. युरोपात राहून हा आकडा म्हणजे श्रीमंती नव्हे, शाळामास्तराचा पगार.

वरच्या टोकाला टूरविजेता पोगाचार आहे. त्याने २०२४च्या ऑक्टोबरात यूएईच्या टीमबरोबर २०३० पर्यंतचा करार केला, आणि वर्षाला ८० लाख युरोंच्या आसपास असा आकडा छापून आला. म्हणजे टूर जिंकून मिळणारे ५ लाख त्याने वाटून टाकले तरी त्याला काय फरक पडतो? वाटणं परवडतं, म्हणून वाटतो. रीत सुंदर आहे, पण तिच्याखाली हिशेबही आहे.

टीमचा ताळेबंद तर एका ओळीचा. जमा बाजू: प्रायोजक. संपलं. बक्षिसं, आयोजकांकडून मिळणारा सहभागाचा भत्ता (टूरसाठी टीममागे ५० हजार युरोंच्या आसपास), जर्सी-टोप्यांची विक्री, हे सगळं चिल्लर. सीझन संपला की बऱ्याच टीम वापरलेल्या सायकली विकतात, त्याचे थोडे. खर्च बाजू मात्र लांबलचक: तीसेक रायडर, तेवढाच किंवा त्याहून जास्त स्टाफ, वर्षभर तीन-तीन ठिकाणी एकाच वेळी चालणाऱ्या रेसा, हॉटेलं, विमानं. लहान वर्ल्डटूर टीमला दीड-दोन कोटी युरो लागतात, बड्यांचं बजेट पाच कोटींच्या पुढे गेलंय.

---

घाटवेडा

हिशेबनीसकाका, जमा बाजूला एकच नाव असलं की काय होतं ते रस्त्यावर दिसतं बरं का.

स्टेज जिंकणारा रायडर बघा. शेवटच्या दोनशे मीटरवर मागे वळून पाहतो, कोणी नाही याची खात्री करतो, आणि मग पहिलं काम काय? उन्हामुळे बेंबीपर्यंत उघडलेली जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढतो. मग हात वर. कारण उद्याच्या पेपरात तो फोटो येणार आणि छातीवरचं नाव दोन तुकड्यांत दिसलं तर मालक विचारणार. मुलाखतीला येताना टोपी बदललेली असते, हातातली बाटलीही ठरलेल्याच कंपनीची.

दुसरी गंमत ब्रेकअवेची. सपाट स्टेजला सुरुवातीलाच दोन-तीन जण पळून जातात. सगळ्यांना माहीत असतं की हे पकडले जाणार. त्यांना स्वतःलाही. दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर वारा खाऊन शेवट दहा किलोमीटरवर असताना मागची झुंड गिळून टाकते. मग गेलेच कशाला? कारण चार तास टीव्हीवर तीनच जर्स्या दिसतात. छोट्या फ्रेंच टीमची फरशी, कर्जवाली कंपनी, लॉटरी, जे काय असेल ते चार तास घराघरात. मी पहिल्यांदा टूर बघायला लागलो तेव्हा या लोकांची कीव यायची. आता कळतं की ते ड्यूटीवर आहेत.

---

अनुजा_महू

> आता कळतं की ते ड्यूटीवर आहेत.

हे फार आवडलं. पण दर वेळी नुसती जाहिरात नसते हं. शंभरातून एखाद्या दिवशी मागची झुंड गणित चुकते आणि पळालेला पोचतो. त्या एका दिवसावर पुढचा दोन वर्षांचा करार मिळतो.

---

नर्मदे_हर

सगळे इतक्या कौतुकाने लिहितायत, मला तर ही सरळसरळ लूट वाटते.

टूरची मालकी एएसओ या कंपनीकडे, ती अमोरी नावाच्या एका फ्रेंच कुटुंबाची. टीव्हीचे हक्क त्यांचे. स्टेज आपल्या गावातून सुरू व्हावी म्हणून गावं पैसे मोजतात, ते त्यांचे. फ्लॉरेन्सने २०२४ची सुरुवात घेतली, बिल्बाओने २०२३ची, फुकट नाही मिळाली. रेसच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा जातो, टोप्या-बिस्किटं उधळत, त्याचे पैसेही त्यांचे. आणि ज्यांच्या पायांवर हा सगळा तमाशा उभा आहे त्यांना ५० हजार युरो भत्ता? क्रिकेटमध्ये बोर्ड प्रक्षेपणाच्या पैशातला वाटा फ्रँचायझींना देतं. फुटबॉलमध्येही देतात. इथे का नाही?

---

हिशेबनीस

नर्मदे_हर, राग समजतो, पण दुसरी बाजूही बघा.

टूर हा धंदा म्हणूनच जन्मला. १९०३ साली 'लोतो' नावाच्या क्रीडा दैनिकाने खप वाढवायला ही रेस काढली. ते पिवळ्या कागदावर छापत, १९१९ला पिवळी जर्सी आली ती त्याच रंगाची. आजही एएसओ आणि 'लेकीप' हे दैनिक एकाच घरातले. त्यांनी रेस उभी केली, शंभर वर्षं चालवली, जोखीम घेतली. टीम येतात-जातात.

दुसरं, टूर सोडली तर किती रेसा नफ्यात असतील? रस्ते बंद करायचे, पोलीस, अँब्युलन्स, हेलिकॉप्टर, आणि तिकीट शून्य. कितीतरी जुन्या रेसा पैशाअभावी बंद पडतात. टूरचा वाटा अठरा-वीस टीमना दिला तरी एकेकीला तिच्या बजेटच्या मानाने फार मोठी रक्कम मिळेल असं मला वाटत नाही.

---

नर्मदे_हर

"फार मोठी नसेल" म्हणून शून्य द्यायचं? हे कोणत्या सीएच्या पुस्तकात आहे? प्रश्न रकमेचा नाहीये. ठरलेला वाटा असला की टीम बँकेत जाऊ शकते, पाच वर्षांचा विचार करू शकते. आज काय, प्रायोजकाच्या मालकाला गोल्फ आवडायला लागलं की सत्तर माणसं घरी.

टीमनी प्रयत्न केले नाहीत असंही नाही. २०१४ साली काही टीमनी मिळून वेलॉन नावाची कंपनी काढली. अलीकडे सौदी पैशाच्या जोरावर वनसायकलिंग नावाची मोठी योजना आली होती, २०२५च्या जूनमध्ये यूसीआयने ती नाकारली. एएसओ तर तिच्यात नव्हतीच.

---

लोकमान्यनगरकर

मला यावरून आपल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, आठवल्या. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. रात्रभर लाखो लोक रस्त्यावर, कोणी तिकीट काढत नाही, पण झांकीवर मिलचं नाव. मिलवाल्यांना नावाची हौस होती तोवर प्रश्न नव्हता. मिल बंद पडल्या आणि दर भाद्रपदात तीच बातमी: झांकीला पैसे कोण देणार? कामगार अजून वर्गणी, अनुदान गोळा करून काढतात, पण मिलच्या वेळचा थाट वेगळाच होता. रस्त्यावरच्या फुकटच्या खेळाचं असंच असतं. बघणारे लाखो, देणारा एक.

---

मालवी_मिरची

नगरकर +१. बाकी झांकी बघताना कचोरी फुकट नसते, तो धंदा कोणाचा हे पण शोधा.

---

चेनलूब

झांकीचं उदाहरण चपखल. आता सायकलिंगमधली एक 'मिल' सांगतो.

नेदरलँड्सची एक टीम आहे. १९८४ साली क्वांटम नावाने सुरू झाली. पुढे बरीच वर्षं राबोबँक. २०१२ला आर्मस्ट्राँगच्या डोपिंग प्रकरणाचा अहवाल आला, बँक म्हणाली आम्ही नाव काढतो. त्या बँकेचं कौतुक एवढंच की तिने करारातले पैसे दिले. २०१३ला जर्सीवर नाव काय, तर 'ब्लँको', म्हणजे कोरं! मग बेल्किन, मग लोट्टो, मग जम्बो सुपरमार्केट. माणसं बरीचशी तीच, बस तीच, नुसती पाटी बदलत गेली.

आता खरी गोष्ट. २०२३ साली या टीमने जे केलं ते आधी कोणालाच जमलं नव्हतं. इटलीची जिरो रोग्लिचने, टूर विंगेगोरने, स्पेनची व्हुएल्टा सेप कुसने जिंकली, तिन्ही मोठ्या रेसा एकाच टीमने, एकाच वर्षात, तीन वेगळ्या रायडरनी. आणि त्याच वर्षाअखेर मुख्य प्रायोजक जम्बो बाहेर! त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तर दुसऱ्या एका टीममध्ये विलीन होणार अशा बातम्या होत्या. शेवटी नवा प्रायोजक सापडला म्हणून वाचले.

त्याआधी एचटीसी-हायरोड. २०११ला कॅव्हेंडिशने टूरमध्ये पाच स्टेज आणि हिरवी जर्सी जिंकली. काही वर्षं ती जगातली सर्वांत जास्त रेसा जिंकणारी टीम होती. त्याच वर्षाअखेर बंद, कारण प्रायोजक मिळाला नाही. जिंकण्याचा आणि टिकण्याचा संबंध इतका पातळ असलेला दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

---

रामबागचे_अण्णा

मंडळी, मी सायकल चालवायचं केव्हाच सोडलं, पण धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही फ्रान्स-हॉलंड करताय, हा सगळा प्रकार इंदूरने आधीच पाहिलाय.

होळकरांनी सी. के. नायडूंना इंदूरला आणलं, फौजेत हुद्दा दिला. कर्नल म्हणून ते ओळखले गेले ते त्यामुळेच. मुश्ताक अली, सरवटे ही सगळी मंडळी होळकरांच्या पदरी. कोणाला धावेमागे पैसे नव्हते, महिन्याचा पगार आणि संस्थानाची टोपी. त्या जोरावर १९४५-४६ ते १९५२-५३ मध्ये चार वेळा रणजी जिंकली आपल्या संघाने. संस्थान विलीन झालं, आश्रयदाता गेला, आणि पन्नाशीच्या मध्यावर होळकर हे नावच रणजीतून पुसलं गेलं. मैदान आहे, संघ नाही.

आणि बक्षिसाच्या भरवशावर राहू नये याचाही किस्सा इंदूरचाच. १९४४-४५च्या रणजी फायनलला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून मुंबईविरुद्ध खेळला. इंदूरच्या एका शेठजींनी म्हणे शंभरच्या वर जितक्या धावा काढशील तितक्यांना रोख रक्कम देतो असा शब्द दिला होता. कॉम्प्टनने नाबाद २४९ ठोकल्या. शेठजींना अचानक परगावी काम निघालं!

---

मालवी_मिरची

अण्णा, साष्टांग नमस्कार. शेठजींचे वंशज अजून इंदुरात आहेत, माझ्याकडे त्यातल्या एकाचं बिल थकलंय.

---

घाटवेडा

अण्णांनी विषय काढलाच आहे म्हणून. आपल्याकडच्या शहरपातळीच्या रेसांत बक्षीस 'जाहीर' होणं आणि 'मिळणं' यात मोठा घाट असतो. बायपासवर झालेल्या एका रेसमध्ये आमचा गडी दुसरा आला. मंचावर दारापेक्षा मोठा पुठ्ठ्याचा चेक, हार, फोटो. खरा चेक "पुढच्या आठवड्यात ऑफिसला या" म्हणाले. नाव घेत नाही, पण तो पुठ्ठा अजून त्याच्या घरी कपाटाच्या मागे आहे, पावसाळ्यात ओल येऊ नये म्हणून.

अवांतर: मुंबई-पुणे सायकल रेसमधला 'घाटांचा राजा' हा किताब आठवतोय का कोणाला? बोरघाटात पहिला येणाऱ्याला. टूरच्या ठिपक्यांच्या जर्सीचा देशी भाऊ.

---

अनुजा_महू

आतापर्यंतचे सगळे आकडे पुरुषांचे आहेत, म्हणून थोडं लिहिते.

पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांची रेस बायकांसाठी पहिल्यांदा २०२१ला झाली. लिझी डायगनन जिंकली. पावसात, चिखलात, ८० किलोमीटरच्या वर एकटी पळून. हँडलवर तळहातांचं रक्त लागलेलं फोटोत दिसतं. बक्षीस १,५३५ युरो. दुसऱ्या दिवशी पुरुषांत जिंकलेल्या कोलब्रेलीला ३० हजार. रेस त्याच आयोजकांची, चिखलही तोच. तिच्या टीमने फरक आपल्या पदरचा भरून दिला.

महिलांच्या वर्ल्डटूर टीमना किमान वेतनच मुळी २०२०ला आलं, वर्षाला १५ हजार युरो. त्याआधी कितीजणी दिवसा नोकरी करून रेस करायच्या. २०२३ला ते ३२ हजारांवर गेलं, पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीइतकं. टूर दि फ्रान्स फाम २०२२ला सुरू झाली, एकूण बक्षिसं अडीच लाख युरो, विजेतीला ५० हजार. दहापट कमी आहे, पण टीव्हीवर दिसायला लागली आणि पगार वाढले. बक्षीस वाढून पगार वाढले नाहीत, कॅमेरा आला म्हणून वाढले. घाटवेडा यांचा मुद्दा इथेही लागू.

---

नर्मदे_हर

अनुजाताई, म्हणजे आयोजकांनी कॅमेरा लावला तर पोट भरणार, नाही लावला तर उपाशी. माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत. __/\__

---

अनुजा_महू

अर्धंच. आयोजकांची वाट न बघता टीमने फरक भरला हेही मीच लिहिलंय.

---

टायरट्यूब७३

बक्षिसावर जगणारे सायकलपटूही आहेत! जपानचं कीरिन. १९४८ला कोकुरा शहरात सुरू झालं, सरकारमान्य जुगार आहे, आपल्याकडच्या घोड्यांच्या रेससारखा. लोक सायकलपटूंवर पैसे लावतात आणि त्यातूनच बक्षिसं. वर्षअखेरच्या ग्राँप्रीच्या विजेत्याला १० कोटी येनच्या वर, म्हणजे रुपयांत पाच-सहा कोटी. टूरच्या विजेत्याच्या बरोबरीने किंवा जास्त, आणि तेही काही मिनिटांच्या एका रेससाठी, टीमशी वाटणी न करता.

---

रामबागचे_अण्णा

हे बरं आहे. आमच्या वेळी महालक्ष्मीला घोड्यांवर लावायला इंदूरहून माणसं जायची. सायकलवाल्यावर लावले असते तर निदान चारा वाचला असता.

---

छप्पनचा_पोहा

वा! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता ताईच्या प्रश्नाकडे यायचं का? भाच्याने पुढे काय करायचं? म्हणजे इथून तिथवर रस्ता आहे का?

---

टायरट्यूब७३

पूर्वी स्वतः राज्यस्तरावर रेस करत होतो, आता दुकान आहे, त्यामुळे सरळ सांगतो.

आपल्याकडे सायकलपटूचं पोट नोकरीवर भरतं. राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणायचं आणि सेनादल किंवा रेल्वेत क्रीडा कोट्यातून लागायचं. माझ्याबरोबरचे जे टिकले ते सगळे याच वाटेने. पगार नियमित, सरावाला वेळ, डाएटचा भत्ता. बक्षिसाच्या रकमेत एक चेनसेटही येत नव्हता.

युरोपची शिडी वेगळी. वर्ल्डटूरच्या खाली प्रोटीम, तिथेही किमान वेतन आहे. त्याखाली काँटिनेंटल टीम, तिथे यूसीआयचं किमान वेतन नाही. काही टीम पगार देतात, काही नुसती सायकल, कपडे आणि रेसचा प्रवास. कितीतरी पोरं घरच्या पैशाने बेल्जियममध्ये खोली घेऊन राहतात. तिथून वर जाणारे मोजके.

आणि वर जायला बक्षीस मोजत नाहीत, यूसीआयचे गुण मोजतात. वर्ल्डटूरच्या जागा तीन वर्षांच्या गुणांवर ठरतात. २०२२ अखेर लोट्टो-सूडालसारखी जुनी बेल्जियन टीम त्यामुळे खाली गेली होती. म्हणून पाचवा-सहावा येऊन गुण गोळा करणाऱ्या रायडरलाही चांगला भाव मिळतो, जरी त्याचा फोटो कुठे छापून आला नाही. भाच्याला हे गणित आत्ताच समजलेलं बरं.

एक चांगली गोष्ट म्हणजे २०२६च्या जानेवारीत पुण्यात यूसीआयच्या कॅलेंडरवरची अनेक टप्प्यांची रेस झाली. परदेशी काँटिनेंटल टीम इथे येऊन पळाल्या. आमच्या काळी असं काही बघायलाही मिळत नव्हतं. त्याला तिथल्या पोरांचे वॅट, म्हणजे पायांची ताकद, बघू दे, सिमरोलमधल्या काकांचे नको.

---

घाटवेडा

सिमरोलच्या काकांचा अपमान सहन केला जाणार नाही. निषेध!

---

हिशेबनीस

टायरट्यूब, उत्तम प्रतिसाद. ताईंसाठी दोन ओळी जोडतो. करार हातात आला तर पगाराच्या आकड्याआधी टीमने बँक गॅरंटी भरली आहे का ते बघायचं. वरच्या दोन श्रेणींत यूसीआय ती घेते, म्हणजे टीम मधेच बुडाली तर काही महिन्यांचा पगार त्यातून निघतो. आणि रायडर नोकरदार म्हणून आहे की स्वयंरोजगार म्हणून, तेही बघायचं. दुसऱ्या प्रकारात किमान आकडा मोठा दिसतो, पण विमा, पेन्शन सगळं आपल्या डोक्यावर. मोठ्या आकड्याला भुलायचं नाही.

---

छप्पनचा_पोहा

ताईला सगळा धागा पाठवला. तिचा निरोप: "रेल्वेवाला मुद्दा पटला, कॉम्प्टनच्या शेठजींचाही." भाचा मात्र विचारतोय, टूरनंतर गावोगावच्या रेसांत खूप पैसे मिळतात म्हणे, त्याचं काय?

---

चेनलूब

बरोबर ऐकलंय त्याने, त्यांना क्रिटेरियम म्हणतात. टूर संपली की बेल्जियम, हॉलंड, फ्रान्समध्ये गावागावांत छोट्या गोल रस्त्यावर संध्याकाळी रेस होते. आल्स्टची सगळ्यात प्रसिद्ध. तिथे बक्षिसाला अर्थ नाही, नुसतं हजर राहण्याचे पैसे मिळतात. पिवळी जर्सीवाल्याला सगळ्यात जास्त, स्टेज जिंकलेल्याला त्याहून कमी, आणि बाकीच्यांना त्यांच्या नावाप्रमाणे. पूर्वी पगार तुटपुंजे होते तेव्हा रायडरची वर्षाची खरी कमाई याच दोन-तीन आठवड्यांत व्हायची. एका गावातून दुसऱ्या गावात रात्रभर गाडी चालवत जायचे.

आणि निकाल आधीच ठरलेला असतो. लोक पिवळ्या जर्सीला बघायला आलेत, तर तोच जिंकणार किंवा गावचा पोरगा जिंकणार. बाकीचे शेवटच्या फेरीपर्यंत जोर लावल्यासारखं करतात. सगळ्यांना माहीत असतं, कोणी तक्रार करत नाही, बिअर छान असते.

---

रामबागचे_अण्णा

म्हणजे नूरा कुस्ती!

---

मालवी_मिरची

थांबा थांबा. हरायचे पैसे मिळतात? आमचा ग्रुप दर रविवारी त्या पंधरा वर्षांच्या पोराकडून फुकट हरतोय. पोहेसाहेब, ताईंना सांगा, थकबाकीसकट बिल पाठवतोय.